जीप कुठे राहिली, ते गंज सांगतो

जुनी जीप बघायला आलेला हौशी माणूस आधी बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करायला लावतो आणि सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग निरखतो. जाणतं गिऱ्हाईक जमिनीवर गोणपाट टाकतं आणि छोटी हातोडी घेऊन सरळ गाडीखाली सरकतं. तिथे पुढून मागे चेसिस ठोकत जायचं असतं. चांगलं लोखंड खणखणतं. आतून खाल्लेलं भद्द वाजतं. आणि फारच खाल्लेलं असेल तर हातोडीचं टोक आत घुसून तोंडावर लाल भुगा पडतो. सौदा तिथेच मोडतो, किंवा खरा सौदा तिथून पुढे सुरू होतो.

नाशिकमध्ये हे दृश्य नवलाचं नाही, कारण या शहराचं आणि जीपचं नातं घरचं आहे. १९४५ मध्ये लुधियानात सुरू झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही मुळात पोलादाचा व्यापार करणारी पेढी. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, इकडे कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं आणि तिने मुंबईत विलिज जीप जोडायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या अमेरिकी गाडीचा वंश पुढे सीजे ३बी, एमएम ५४०, कमांडर असा वाढत गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी नाशिकमध्ये सातपूरला आली. बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ आणि २०२० ची नवी थार याच शहरातून बाहेर पडल्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत या कारखान्याला सुटे भाग पुरवणारे प्रेसशॉप आणि फॅब्रिकेशनचे गाळे उभे राहिले. परिणामी नाशिकच्या कामगार वस्त्यांत पत्रा वाकवणं, 'सीओटू' वेल्डिंग मारणं, गेज लावून माप तपासणं ही विद्या घरोघरी आहे. आठवडाभर कंपनीत नव्या गाडीचे भाग जोडणारा माणूस सुट्टीच्या दिवशी दारातल्या पत्र्याच्या शेडखाली तीस-पस्तीस वर्षांच्या एमएम ५४० चं चेसिस उघडून बसलेला असतो, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

पण चेसिसच दुरुस्त कशाला करायचं? इंजिन बदलता येतं. जीपची बॉडी म्हणजे सपाट पत्र्याचा डबा, तो नवा बनवून मिळतो. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत तर जीप नव्याने बांधून देण्याचा धंदाच आहे. चेसिसचं तसं नाही. गाडीची कायदेशीर ओळख असलेला क्रमांक त्यावर कोरलेला असतो. चेसिस टाकून दिलं तर कागदावरची गाडीच संपते. म्हणून मालक त्यात जीव अडकवतो.

या गाड्यांचं चेसिस म्हणजे लॅडर फ्रेम. दोन उभ्या तुळया, त्यांना गॅरेजमध्ये लाँग मेंबर म्हणतात, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया म्हणजे क्रॉस मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग बॉक्स, कमान पाटे, बॉडी हे सगळं या सांगाड्यावर बोल्टने बसतं. लाँग मेंबर काही ठिकाणी उघडा 'सी' आकाराचा, तर काही ठिकाणी चारही बाजूंनी बंद पेटीसारखा असतो. उघड्या भागाचा गंज दिसतो, म्हणून तो परवडला. पेटीच्या आतला गंज वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. जुन्या काळी चेसिसला काळा रंग दिला जाई, तो बाहेरून. पेटीच्या आतल्या भिंतीपर्यंत तो नीट पोहोचत नसे. आताचे कारखाने भाग रंगाच्या टाकीत बुडवून त्यातून विजेचा प्रवाह सोडतात, त्यामुळे रंग आतल्या कोपऱ्यांतही जाऊन चिकटतो. जुन्या जीपच्या नशिबात ते नव्हतं.

गंजाचं मूळ रसायन शाळेत शिकवलेलंच आहे: लोखंड, पाणी, प्राणवायू. पण शाळेत न सांगितलेल्या दोन गोष्टी चेसिसचा घात करतात. पहिली, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेटने बसवलेले असतील तर मधला गंज फुगून त्यांना दूर ढकलतो, पत्रा फुगतो, रिव्हेट ताणले जातात. दुसरी, चिखलाच्या थराखाली प्राणवायू कमी आणि थराच्या कडेला जास्त, या फरकानेच एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि चिखलाखालचं लोखंड झिजत राहतं. म्हणजे गाडी पावसात भिजली हा मोठा गुन्हा नाही. भिजलेला चिखल तसाच ठेवला, हा गुन्हा.

नाशिकच्या गाड्यांचा गंज वाचताना खरी मजा इथून सुरू होते. गाडी कुठे राहिली यावर गंजाची जागा आणि जात ठरते.

कोकणातून आलेली जीप सगळीकडून सारखी खाल्लेली असते. खारी हवा कुठे शिरायची राहत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि त्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, म्हणून गंजाचा वेग वाढतो. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी पळवण्याची हौस केलेली असेल तर विचारायलाच नको. अशी गाडी घाटावर स्वस्तात मिळते आणि घेणारा खुश होतो. चेसिस धुतल्यावर त्याची खुशी उतरते.

घाटमाथ्यावरच्या गाडीचं दुखणं वेगळं. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३,००० च्या वर. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यातली जीप भातखाचरांच्या चिखलातून चालते. (महिंद्राने ऑफ-रोड ड्रायव्हिंगची शाळा काढायला इगतपुरीच निवडली, त्याला कारण हाच भूभाग.) तो चिखल मागच्या चाकांनी उडून लाँग मेंबरच्या मागच्या टोकात, कमान पाट्याच्या हँगरपाशी, पेटीचं पाणी निघावं म्हणून ठेवलेल्या भोकांत जाऊन बसतो. भोक बुजलं की पेटीत पाणी साचतं आणि तळ आतून सडतो. अशा गाडीचा पुढचा भाग कोरा करकरीत आणि मागचा दीड हात कुजलेला, असं सर्रास दिसतं.

तिसरी जात खास या जिल्ह्याची: द्राक्षबागेतली जीप. दिंडोरी-निफाडकडे फवारणीची औषधं, खतांच्या गोण्या, पाण्याचे ड्रम वाहण्यात तिचं आयुष्य जातं. पोटॅशच्या गोणीतून सांडणारं खत म्हणजे बहुतांश पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. त्याहून वाईट मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तयार करताना बागायतदार त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. विळ्यावर चढणारा तो थर म्हणजे तांबं, आणि तांबं बसतं तेव्हा त्या जागचं लोखंड विरघळून जातं. हाच प्रयोग जीपच्या फ्लोअरखाली चुन्याविना, सांडलेल्या मोरचुदावर, हंगामामागून हंगाम चालू असतो. पुन्हा चिकटून राहिलेलं तांबं शेजारच्या लोखंडाला झिजवत राहतं ते वेगळंच. बागेतल्या जीपचं चेसिस म्हणूनच मधोमध, बॉडीच्या माउंटपाशी आणि बॅटरीच्या ट्रेखाली खड्डे पडून गंजतं. इतरत्र ते ठणठणीत असू शकतं.

आणि चौथी, लष्कराच्या लिलावातून आलेली. देवळाली तोफखान्याचं ठाणं असल्याने नाशिककरांना लष्करी गाड्यांचं आकर्षण पूर्वीपासून. अशा गाड्या चालून कमी आणि उभ्या राहून जास्त खराब होतात. वर्षानुवर्षं गवतात उभ्या असल्याने खालून ओलावा घेत राहतात. त्यांचा गंज पातळ पण सर्वदूर असतो, आणि तो घासून काढल्यावर बहुतेकदा लोखंड शाबूत निघतं. चारांमध्ये घेण्यासारखी हीच.

तर गाडी घरी आली, आता काम. पहिला टप्पा कंटाळवाणा आणि न टाळता येण्यासारखा: प्रेशरने धुणं, वाळवणं, ग्राइंडरला वायर ब्रश लावून घासणं, पेटीतला भुगा हवेच्या प्रेशरने बाहेर काढणं. बॅटरी सोडायची, इंधनाची टाकी उतरवायची. जुन्या विलिजच्या घडणीत टाकी चालकाच्या सीटखालीच असे, हे आठवून नंतरच ठिणग्या पाडाव्यात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून किंवा पोकळ सिमेंटच्या विटांवर तोलून खाली जाणारे लोक अजूनही आहेत. लोखंडी घोड्या विकत मिळतात, आणि त्या जिवापेक्षा स्वस्त आहेत.

घासून झालं की खडूने नकाशा काढायचा. नुसता लालसर थर, तिथे एक खूण. पापुद्रे सुटलेले पण लोखंड जाड, तिथे दुसरी. भोक किंवा टोच्या आत शिरला, तिथे तिसरी. पहिल्या दोन जागांना कापाकापी लागत नाही. तिथे गंज स्थिर करणारं रसायन चालतं. बाजारातल्या अशा द्रावणांत फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. टॅनिन गंजाशी संयोग पावून काळा, घट्ट थर बनवतं. जुन्या काळी एका प्रकारची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून याच क्रियेने बनायची. हिरड्याचा काढा करून चेसिसला फासावा असं कुणी सुचवत नाही, पण सह्याद्रीत गोळा होणाऱ्या हिरड्यातही हाच गुण आहे.

तिसऱ्या खुणेच्या जागा कापाव्या लागतात, आणि कापण्याआधी मोजावं लागतं. बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथे फसतात. वेल्डिंग चांगलं जमणारा माणूस मोजमापाचा कंटाळा करतो आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते. पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे. सपाट फरशीवर गाडी घोड्यांवर समपातळीत ठेवायची, चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करायच्या, मग समोरासमोरच्या खुणांचे कर्ण मोजायचे. पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंतचं अंतर आणि त्याच्या उलटं अंतर सारखं भरलं तर चौकट काटकोनात आहे. दोन-चार मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीला माफ. बोटभर फरक निघाला तर गाडीला कधीतरी मोठा अपघात झालेला आहे, आणि ते काम घरच्या शेडचं नाही. माप बरोबर असेल तर कापायच्या भागाच्या दोन्ही बाजूंना अँगल टाके मारून पक्का करायचा, म्हणजे तुकडा काढल्यावर लाँग मेंबर खाली बसत नाही.

तुकडा कसा आणि कुठे लावायचा, यामागे थोडं यंत्रशास्त्र आहे. वजनाखाली तुळई वाकते तेव्हा तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या उभ्या भिंतीच्या मध्यावर ताण सगळ्यात कमी असतो. म्हणून कारखानेही चेसिसला भोकं पाडतात ती शक्यतो उभ्या भिंतीत, वरच्या-खालच्या कडेत नाही. दुरुस्तीतही तोच नियम पाळायचा. कडेला आडवा, सरळ वेल्ड मारला तर त्या रेषेत लोखंड उष्णतेने कडक होतं आणि काही महिन्यांनी तिथेच चीर पडते. यावरचा जुना उपाय म्हणजे ठिगळ चौकोनी कापायचं नाही. शंकरपाळीच्या आकाराचं कापायचं, टोकं गोल करायची. म्हणजे वेल्ड तिरका जातो आणि ताण एका रेषेत जमत नाही. ठिगळाचा पत्रा मूळच्याच जाडीचा घ्यावा. 'मजबूत होऊ दे' म्हणून दुप्पट जाड पट्टी ठोकणारे मिस्त्री गावोगाव आहेत. ती पट्टी हलत नाही, शेजारचा जुना पत्रा वाकत राहतो, आणि पट्टीच्या कडेशीच तुटतो. गंजलेल्या भागावर तसंच वरून ठिगळ मारणं त्याहून वाईट, कारण दोन पत्र्यांच्या मध्ये ओलाव्याला कायमचं घर मिळतं.

वेल्डिंगबद्दल लोकांना भीती जास्त असते, खरं तर ते या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे. घरच्या सिंगल फेजवर चालणारी इन्व्हर्टर मशिन आता सर्रास मिळतात. सरावलेल्या हाताला रॉडचं वेल्डिंग पुरतं. पातळ जागी मात्र सीओटू सोयीचं, कारण रॉडने पत्रा पटकन जळून भोक पडतं. लोखंड चकाकेपर्यंत घासलेलं हवं. एकदम लांब रेघ ओढायची नाही. बोटभर टाका इकडे, बोटभर तिकडे, मध्ये हाताला सोसेल इतकं गार होऊ द्यायचं, नाहीतर उष्णतेने आख्खी तुळई पिळते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरला तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढावं. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हिवतापासारखी थंडी भरते. काच न लावता 'एकच टाका' मारणाऱ्याला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, हे सातपूरमध्ये कुणालाही विचारावं.

घरी काय करू नये याची हद्दही स्पष्ट आहे. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग, कमान पाट्यांचे हँगर, इंजिनाचे माउंट: इथे भोक असेल तर गाडी फॅब्रिकेशनच्या गाळ्यात न्यावी, जिथे फिक्श्चर आहे, प्रेस आहे आणि रोज हेच करणारा हात आहे. फ्लोअरखालचे आउटरिगर, बॉडी माउंट, मागचा क्रॉस मेंबर, लाँग मेंबरच्या उभ्या भिंतीतली छोटी भोकं, एवढं मोजून-मापून काम करणाऱ्या हौशी माणसाला जमण्यासारखं आहे. दोन्ही लाँग मेंबर जागोजागी पोकळ झाले असतील तर ती गाडी दुरुस्तीची राहिलेली नाही, हे ऐकायला मालकाला कठीण जातं.

मोठ्या कंपन्यांनाही हे ऐकावं लागलं आहे. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. त्यात टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांची चेसिस इतकी सडली की ग्राहक कोर्टात गेले. २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. सुमारे १५ लाख गाड्या तिच्या कक्षेत होत्या आणि खर्चाचा अंदाज ३४० कोटी डॉलरपर्यंत गेला. गंजाचं भोक ठरावीक मापापेक्षा मोठं निघालं तर चेसिसला ठिगळ न लावता आख्खं चेसिस बदलून द्यायचं, असं त्यात ठरलं. इंग्लंडात लँड रोव्हर डिफेंडरचे मालक आणखी पुढे गेले. त्या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून न गंजणारी, पण खालचं चेसिस पोलादाचं. तिथे जस्ताच्या टाकीत बुडवून काढलेलं नवं चेसिस विकत मिळतं आणि जुनी बॉडी त्यावर चढवतात. हीच युक्ती इथे करायची तर तीन अडचणी: वितळलेलं जस्त साधारण ४५० अंशांचं असतं, त्यात पातळ सांगाडा पिळू शकतो, आणि बंद पेटीला हवा जायला भोक नसेल तर आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन ती टाकीतच फुटू शकते. तिसरी अडचण क्रमांकाची, तिच्याकडे शेवटी येऊ.

वेल्ड झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारावा. उघडं लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत लाल होतं. रेड ऑक्साइड स्वस्त आणि ठीक, जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर अधिक चांगला, कारण ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. मात्र तो चकाकत्या लोखंडावरच लावायचा, गंजावर नाही. त्यावर इपॉक्सी, त्यावर काळा रंग. पेटीच्या आत लांब नळीने मेण फवारतात, ते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. पूर्वी सर्व्हिसिंगला गाडी गेली की धुऊन-ग्रीस करून खालून जळकं ऑइल मारत. गंज त्याने खरंच थोपतो, पण रबरी बुश फुगतात, ब्रेकचे होज खराब होतात आणि पावसात ते सगळं नदीनाल्यात उतरतं. दुकानांत मिळणारं जाड रबरी कोटिंग नव्या गाडीला चांगलं. जुन्या गंजावर ते मारलं तर वरून चकचकीत दिसतं आणि आत ओलावा कोंडून राहतो. विकायच्या जीपला खालून ताजं काळं कोटिंग दिसलं की जाणतं गिऱ्हाईक हातोडी जरा जोरातच मारतं, ते यामुळे.

आता तो क्रमांक. ग्राइंडर हातात घेण्याआधी तो कुठे कोरला आहे हे शोधून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. घासताना अंक पुसट झाले तर आरटीओत गाडी संशयित ठरते, कारण क्रमांक खोडणं ही गाडीचोरांची पहिली खूण. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. कुजलेला भाग मूळच्या मापात परत बसवणं ही दुरुस्ती. लाँग मेंबर वाढवून कमांडर लांब करणं हा बदल. आख्खं चेसिस बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. आणि क्रमांकाचा भागच सडलेला असेल तर तो घरी कापायचा नाही, नवे अंक तर मुळीच ठोकायचे नाहीत. गाडी आहे त्या स्थितीत आरटीओला दाखवून लेखी परवानगी घ्यायची. काम सुरू होण्याआधी अंकांवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा, जागेचे फोटो काढावेत, आणि दोन्ही गाडीच्या कागदांच्या फायलीत लावून ठेवावेत. पुढच्या नूतनीकरणाला निरीक्षक गाडीखाली वाकतो तेव्हा नवा रंग बघून तो आधी हेच मागतो.